एका सामन्याचे आचरेकर सर

(मालवण, बोर्डिंग ग्राउंड. टेनिस बॉलचा सामना.)

हा फटका बघा. आडव्या बॅटनं मारलेला, थेट सीमेपार. टेनिस बॉलवर हे खपून जातं. सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, शिवणीवर पडून आत आला, की याच फटक्यावर दांडी गुल.

(तांबडी माती. रोलर.)

ही जांभ्याची माती. पाणी धरत नाही, कितीही रोलर फिरवा, घट्ट बसत नाही. टर्फ विकेट, म्हणजे मातीची पक्की खेळपट्टी, करायची तर चिकण काळी माती बाहेरून आणायची, थरावर थर द्यायचे, पाणी मारायचं, दाबायचं, पुन्हा पाणी मारायचं. त्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. दिवाळीपर्यंत मैदान हाती येत नाही. म्हणून मॅटिंग, म्हणजे खेळपट्टीवरची चटई, अंथरायचं. त्यावर खेळणाऱ्या इथल्या कॉलेजच्या पोराला विद्यापीठाच्या संघासाठी मुंबई गाठावी लागते, आणि रणजीसाठी महाराष्ट्राच्या संघाचं, म्हणजे पुण्याचं दार ठोठवावं लागतं.

(सरांचा फोटो.)

रमाकांत आचरेकर याच मालवणात 1932 साली जन्मले. 1945 मध्ये ते न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून खेळत होते. प्रथम श्रेणीचा सामना मिळायला मात्र 1963-64 उजाडलं. मोईनुद्दौला स्पर्धा, स्टेट बँकेचा संघ, समोर हैदराबाद. तो पहिला आणि तोच शेवटचा. लोक हे जरा आवाज उतरवून सांगतात. आम्ही अभिमानानं सांगतो. सामना मिळणं म्हणजे काय, हे ज्याला एकच मिळाला त्याला नाही तर कुणाला कळणार?

(शिवाजी पार्क. नेट, स्टंप, नाणं.)

मुंबईत शिवाजी पार्कला सर मुलांना क्रिकेट शिकवायचे. सचिन तेंडुलकर त्यांचाच शिष्य. सरांचा सगळा भर सामन्यांवर. सचिनला स्कूटरवर मागे बसवायचं आणि एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचं. इथली बॅटिंग संपली, तिथे पुन्हा पॅड बांधायचे. संध्याकाळी पोरगा दमला, की स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचं. आउट करेल त्या बोलरचं, नाबाद राहिला तर सचिनचं. ‘छान खेळलास’ हे शब्द मात्र सचिन खेळत होता तोवर सरांनी त्याला कधी ऐकवले नाहीत.

कांबळी, आमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर, हेही सरांचेच शिष्य. सरांना 1990 साली द्रोणाचार्य पुरस्कार, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 ला सर गेले.

(पुन्हा मालवण. मॅटिंग गुंडाळणारी मुलं.)

शिवाजी पार्कला 2024 मध्ये सरांचं स्मारक झालं. मालवणकरांना आमचं एवढंच सांगणं आहे: इथे सरांच्या नावानं काही करायचं असेल, तर काळी माती आणा आणि एक टर्फ विकेट करा.