मोत्याला भिंग कशाला?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'बालसाहित्यातील प्राणी-गुप्तहेर : रचना आणि तंत्र'. शीर्षक माझं नाही, पण छापलंय म्हणजे निभवावं लागणार. तंत्राकडे येतोच. त्याआधी एक जुनं दुखणं.

एका दिवाळी अंकाला मी गोष्ट दिली होती. नाव सांगत नाही, अंक अजून निघतो. गोष्ट साधी. चाळीतली गुळाची ढेप गायब होते. आळ मनीवर, कारण चाळीत काहीही गेलं की आळ मनीवरच. खालच्या मजल्यावरचा मोत्या, जातिवंत गावठी, पहिल्याच पानावर चोर ओळखतो. जिन्यात वास दरवळतोय, त्यात शोधायचं काय? पण ते माणसांना सांगायचं कसं? बिचारा एका दारापुढे जाऊन बसतो. हाकलतात. पुन्हा येऊन तिथेच बसतो. चपला चावायला आलाय म्हणून मार खातो. सबंध गोष्ट ही एवढीच.

संपादकांचा फोन आला. ''छान आहे. पण कुत्रा बोलत का नाही?'' म्हटलं, अहो, तो बोलला तर पाच ओळींत गोष्ट खलास! ''मग उशिरा बोलू द्या.''

तेही सोसलं असतं. पण चित्र! मोत्याच्या डोक्यावर टोपी, अंगात लांब कोट आणि हातात, पंजात नव्हे, हातात, भिंग! माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात वीस-तीस कोटींच्या घरात. त्याला भिंग? आणि भिंगातून बघतोय काय, तर हिरवळीवर पडलेला लाल रुमाल. कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक धड दिसत नाही हो! त्या चित्रात सगळ्यात आंधळा कोण असेल तर आमचा गुप्तहेर.

आता मनीचं. मांजराला गोड लागतच नाही. गोडाची चव ओळखायला लागणाऱ्या दोन जनुकांपैकी एक त्यांच्यात निकामी असतं, हे 2005 साली सिद्ध झालंय. पेढ्याची हमी मी देत नाही, खव्याच्या लोभाने मनी पेढा खाईलही. पण कोरडा गूळ? माझ्या गोष्टीत तिची सुटका याच मुद्द्यावर होती. नेमका तोच परिच्छेद कापला. का, तर 'माहितीपर' वाटला. म्हणजे कुत्रा कोट घालून हिंडला तर चालतं, मांजराची जीभ खरी असली की गोष्ट जड होते.

आणि पोपट! हसताय, म्हणजे तुम्हीही लिहिलेत. पिंजऱ्यातला मिठू शेवटी चोराचं नाव घेतो. मंडळी, 1972च्या वन्यजीव कायद्यामुळे आपला देशी पोपट घरात पाळता येत नाही. हवालदार आला तर आधी मालकाला घेऊन जाईल, मग चोराचं बघेल.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं, तर आता रचना आणि तंत्र.

होम्सची रेसच्या घोड्याची गोष्ट आठवा, 1892ची. तबेल्यातला कुत्रा रात्री भुंकला नाही, म्हणजे आलेला माणूस ओळखीचा होता. कुत्र्याने काहीच केलं नाही आणि तोच पुरावा. त्याला सगळं ठाऊक होतं, फक्त त्याला विचारणारा हवा होता. माझं म्हणणं एवढंच : प्राण्यांच्या गोष्टीत 'चोर कोण' हे रहस्य नसतंच. 'कळवायचं कसं' हे रहस्य असतं.

दुसरं, कोर्टाचीही नेमकी हीच अडचण. 1969 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात श्वानाच्या पुराव्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आक्षेप असा, की कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहू शकत नाही, त्याच्या वतीने हँडलरनेच बोलायचं. (त्याच वर्षी अमेरिकेत टीव्हीवर स्कूबी-डू नावाचा कार्टून-कुत्रा भुतं पकडायला लागला, त्याला कुणी आक्षेप घेतला नाही.) म्हणून गोष्टीत एक पोर हवंच, मोत्याला वाचता येणारं. 1993च्या स्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या झंजीर नावाच्या लॅब्रेडॉरने कितीतरी आरडीएक्स शोधून काढलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अशा कुत्र्यांना शिकवतात काय? सापडलं की भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गप बसायचं. भुंकणं तिथे महागात पडेल. ते बसणं ज्याला कळतं तो हँडलर. माझा मोत्या दारापुढे बसला होता तो उगाच नाही! पण संपादकांना तो निष्क्रिय वाटला.

तिसरं घाईत सांगतो. या गुप्तहेराला न्यायबिय काही नको असतो. पथकातली कितीतरी कुत्री शोधतात ती चेंडूसाठी. तेव्हा शेवटच्या पानावर मोत्याकडून सत्याच्या विजयाचं भाषण करवू नका. चोर पकडला जात असताना तो चेंडू घेऊन जिन्याखाली गेलेला असू द्या. चौथं होतं, सशांबद्दल, पण दुसरी चिठ्ठी आली. थांबतो.