डोकी मोजू नका, बाप मोजा

आजचा विषय मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या परदेशी गुरांचा आहे, त्यामुळे पहिल्या रांगेत थोडी चुळबूळ दिसतेय. काळजी नको, बाहेर बटाटेवडेच ठेवलेत. जनावर दुधाचं असो, नांगराचं असो की मांसाचं, वंशावळीचं गणित सगळ्यांना एकच. आपल्याकडे सोयरीक जुळवताना पाच पिढ्या उकरतात, सगोत्र निघालं की बैठक मोडते. पण गाय माजावर आली की गावातला आहे तो वळू चालतो. पुढे त्याचीच कालवड मोठी होते आणि तिलाही तोच वळू. तिथे गोत्र आठवत नाही कुणाला!

असं म्हटलं की हमखास एक हात वर होतो. ‘सर, मग त्या चिलिंगहॅमच्या गुरांचं काय?’ या प्रश्नाने माझा पिच्छा पुरवलाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, नॉर्थंबरलँडमध्ये एक जुनी जहागीर आहे. तिच्या कुंपणाआड पांढरी, तांबड्या कानांची रानटी गुरं राहतात. तीनेकशे वर्षांत बाहेरचं रक्त आलेलं नाही. दूध कुणी काढत नाही, वळू कुणी निवडत नाही. वळू आपसात झुंजतात आणि काय ते ठरवतात. (आपल्या काही संस्थांच्या निवडणुकांपेक्षा बरंच म्हणायचं.) 1947च्या बर्फाळ हिवाळ्यानंतर उरली 13 जनावरं, 8 गायी आणि 5 वळू. त्यातून कळप पुन्हा वाढला. 2001 मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांच्या डीएनएमधल्या 25 जागा तपासल्या, तर 24 जागी सगळी गुरं एकसारखी! ‘बघा सर, काही बिघडलं का?’ विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असतो ना, तो बघण्यासारखा असतो.

अहो, बिघडलं ते वासरू कधीच मातीत गेलं. घातक दोष घेऊन जन्मलेली मरत गेली, तगली ती दिसतात. ब्रिटनमधल्या अशा इतर कितीतरी जहागिरींतले कळप नामशेष झाले, त्यांच्याबद्दल कोण विचारणार? नव्वदीतले विडीबाज आजोबा दाखवून विडी प्रकृतीला चांगली म्हणायचं, त्यातलीच गत. आणि ज्यांच्या ताब्यात ही गुरं आहेत त्यांनाही तेवढा भरवसा नाही. लाळ्या-खुरकुताच्या धास्तीने त्यांनी स्कॉटलंडमध्ये दुसरा राखीव कळप ठेवलाय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. म्हणजे पत्रिकेत छापलेला विषय आता पाच मिनिटांत उरकायचा.

अमेरिकेत अँगस ही मांसाची जात. संख्येला तोटा नाही. जी.ए.आर. प्रिसिजन 1680 नावाचा एक वळू फार गाजला, त्याच्या रेतमात्रा जिकडेतिकडे गेल्या. 2008 मध्ये बोभाटा झाला: वासरं मेलेली जन्मत होती, पाठीचा कणा वाकडा, पाय ताठर. दोष त्याला पूर्वजाकडून आलेला. एकाच बाजूने आला तर काही दिसत नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील, तरच दर चार वासरांत सरासरी एक दगावतं. नाती-पणतवंडं एकमेकांना लागू लागली, तेव्हा तो उघड्यावर आला. चाचणी लवकर निघाली. पण वाहक निघालं म्हणून जनावर सरसकट काढून टाकणं हा माझ्या मते दुसरा मूर्खपणा. त्याच्याबरोबर चांगलं रक्तही जातं. वाहकाला निर्दोष जोडीदार द्या आणि चाचणी करून पुढची पिढी निवडा.

आता हिशेब लिहून घ्या. वळू गुणिले गायी गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. 100 गायी आणि एक वळू असेल तर उत्तर जेमतेम 4. म्हणजे दावणीला शंभर, पण आनुवंशिकतेच्या लेखी चारच जनावरं. दर पिढीला नात्यातला संकर साडेबारा टक्क्यांनी वाढतो. वळू पाच करा, गाय एकही वाढवू नका, आकडा 19 होतो. जागतिक अन्न व कृषी संघटना किमान 50 सांगते.

खिलारवाल्यांनो, खरसुंडीच्या यात्रेत पहिल्या नंबरच्या वळूपुढे जी झुंबड उडते, तिचा हिशेब हाच. चौथ्या-पाचव्या नंबरचा खोंड खच्ची करण्याआधी त्याचा बाप विचारा. वेगळ्या घराण्यातला निघाला तर त्याचं रेत साठवून ठेवा, शेजारच्या तालुक्याशी वळूची अदलाबदल करा, आणि जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या आई-बापाची नोंद वहीत करा. वही नसेल तर गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहा, पण लिहा. प्रश्न असतील तर वडे खाताना विचारा.