कोणतं तेल आणि किती तेल

मंडळी, वजन उतरवायचं ठरवलं की माणूस तेलाशी बहुधा दोनच तऱ्हांनी वागतो. एक तर ते स्वयंपाकघरातून हद्दपार करतो, नाहीतर ‘हृदयासाठी उत्तम’ असं छापलेली बाटली आणून निर्धास्तपणे ओतत राहतो. दोन्हीकडे गफलत एकच. तेल कोणतं, हा प्रश्न हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा आहे. तेल किती, हा प्रश्न वजनाचा. पहिल्याचं उत्तर बरोबर आलं म्हणून दुसरा सुटत नाही.

एक ग्रॅम कर्बोदकं किंवा प्रथिनं ४ कॅलरी देतात, एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ ९. आणि तेल म्हणजे निव्वळ स्निग्ध पदार्थ. त्यात पाणी नाही, चोथा नाही. म्हणून ऑलिव्ह असो, सूर्यफूल असो, तीळ असो की खोबरेल, ग्रॅममागे कॅलरी तेवढ्याच. ‘लाइट’ ऑलिव्ह तेलातला हलकेपणा रंगाचा आणि चवीचा आहे, कॅलरींचा नाही.

इथे टेबलावर वजनकाटा आहे. त्यावर रिकामा पॅन ठेवून काटा शून्यावर आणला होता. मघाशी पहिल्या रांगेतल्या ताई पुढे आल्या आणि भाजी परतायला नेहमी घेतात तेवढं तेल त्यांनी अंदाजाने ओतलं. आकडा आला २३ ग्रॅम, म्हणजे २०७ कॅलरी. आता पॅन पुसून त्यात मी ५ मिलिलिटरचा एक सपाट चमचा ओततो. साडेचार ग्रॅम, साधारण ४० कॅलरी. पॅन जरा गरम करून तिरका फिरवला की बघा, सगळा तळ ओला झाला. ताईंचा हात सैल आहे असं मुळीच नाही, आपल्या सगळ्यांचा अंदाज असाच असतो. बाटलीच्या तोंडातून पडणारी धार डोळ्यांना मोजता येत नाही आणि दीडशे कॅलरी जास्त गेल्या तरी पोटाला त्या जाणवत नाहीत, कारण जेवणाचा आकार तेवढाच राहतो. म्हणून चमचा हवाच.

मग दिवसाला किती? समजा तुमचा आहार १५०० कॅलरींचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा अशी: एकूण ऊर्जेपैकी जास्तीत जास्त ३० टक्के स्निग्ध पदार्थांतून, त्यातही संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी, म्हणजे तूप-लोण्यात आणि खोबरेलात जास्त असते ती, १० टक्क्यांपर्यंत. १५०० चे ३० टक्के म्हणजे ४५० कॅलरी, म्हणजेच ५० ग्रॅम. पण हे पन्नासच्या पन्नास ग्रॅम तेलाच्या वाट्याला येत नाहीत. दूध, अंडी, मासे, सुका मेवा, बिस्किटं यांतून बरेच आधीच पोटात गेलेले असतात. माझ्या मते अशा आहारात दिवसाला तीन ते चार छोटे चमचे तेल सुखाने बसतं.

शून्यावर मात्र जाऊ नका, हे मी कळकळीने सांगतो. १९२९ साली जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना स्निग्ध पदार्थ पूर्ण वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खवले आले. लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही स्निग्ध पदार्थांमधली आम्लं आपल्या शरीराला बनवता येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं शोषली जायलाही स्निग्ध पदार्थ लागतात. गाजर-पालकाच्या कोरड्या सॅलडवर चमचाभर तेल घातलं तर त्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं ते, जास्त अंगी लागतं. आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. जेवणातल्या स्निग्धांशामुळे पित्ताशय आकुंचन पावतं आणि पित्त बाहेर पडतं. झपाट्याने वजन उतरवताना तेल-तूप अगदीच बंद केलं तर पित्त साचून राहतं आणि खडे होण्याचा धोका वाढतो.

आता तेलाची निवड. खोबरेल तेलात संपृक्त चरबी ८० टक्क्यांहून जास्त, पाम तेलात जवळजवळ निम्मी, ऑलिव्हमध्ये १४ च्या आसपास, सूर्यफुलात १० च्या जवळपास. संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त, म्हणजे ऑलिव्ह-सूर्यफुलात जास्त असते ती, आली की रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, उतरतं. ‘जागी’ या शब्दाकडे लक्ष द्या. तूप-लोण्याच्या वर आणखी ऑलिव्ह तेल घातलं तर वाढतात त्या फक्त कॅलरी. जवसाचं तेल ओमेगा-३ साठी (मघाचं अल्फा-लिनोलेनिक आम्ल याच गटातलं) उत्तम, पण ते तापवू नये, वरून घ्यावं.

मोजून घेतलेले चमचे पुरवायचे कसे, यात खरं कसब आहे. वांगं आणि मशरूम तेल पिऊन टाकतात. आधी वाफवून घेतले की कमी पितात. कांदा परतताना कोरडा पडला तर तेलाऐवजी पाण्याचा हबका मारा. वासाचं, चवीचं तेल असेल तर त्यातला एखादा चमचा राखून शेवटी वरून घाला, जिभेला तिथेच ते कळतं. तळण मात्र या हिशेबात बसवणं फार कठीण, कारण पदार्थाने किती तेल शोषलं हे घरी मोजताच येत नाही.

रोज चमचा मोजायचा कंटाळा येत असेल तर बाटलीवर ती उघडल्याची तारीख लिहा. एक लिटर तेल म्हणजे सुमारे ९२० ग्रॅम, ८,२८० कॅलरी. तिघांच्या घरात ती १५ दिवसांत संपली तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज १८४ कॅलरी, म्हणजे २० ग्रॅम तेल आलं. तळून उरलेलं तेल फेकलं असेल तर तेवढं वजा करा आणि बाहेरचं खाणं झालं असेल तर ते यात आलेलंच नाही, हेही ध्यानात ठेवा.