चावडीवर लावलेली यादी

(दृश्य: काळं टर्मिनल. कर्सर लुकलुकतोय.)

आत्ता या लिनक्स मशीनवर अकरा विंडो उघड्या आहेत, चार डेस्कटॉपवर पांगलेल्या. हवी ती सापडेपर्यंत ऑल्ट-टॅब दाबत बसलं, की कशासाठी शोधत होतो तेच विसरायला होतं. त्यापेक्षा एक आज्ञा द्यायची: डब्ल्यूएमसीटीआरएल, डॅश एल.

(दृश्य: यादी उमटते. कॅमेरा एका ओळीच्या अगदी जवळ.)

ही ओळ नीट बघा. आधी विंडोचा ओळखक्रमांक. मग डेस्कटॉपचा नंबर. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसरा डेस्कटॉप इथे 2 दिसतो. उणे 1 असेल, तर ती विंडो सगळ्याच डेस्कटॉपवर हजर. पुढे मशीनचं नाव. समोर एकच मशीन असताना ते कशाला? कारण 1984 साली एमआयटीत एक्स विंडो सिस्टिम, म्हणजे पडद्यावर विंडो दाखवणारी यंत्रणा, जन्मली तीच नेटवर्क धरून. प्रोग्राम एका मशीनवर चालायचा, विंडो दुसऱ्याच मशीनच्या पडद्यावर उघडायची. तो रकाना आजही तिथेच आहे. शेवटी शीर्षक: ‘संपादकीय, दुसरा खर्डा’. विंडो मॅनेजर, म्हणजे विंडो मांडणारे नि हलवणारे प्रोग्राम; त्यांच्या सामाईक नियमावलीने शीर्षक यूटीएफ-8 मध्ये ठेवायचं ठरवलं, म्हणून आपली जोडाक्षरं इथे धड वाचता येतात. मला या नियमाचं फार मोल वाटतं.

ही यादी आज्ञेने शोधून काढलेली नसते. विंडो मॅनेजर ती आधीच लिहून ठेवतो, सगळ्यांच्या मागे पसरलेल्या रूट विंडोवर. चावडीवर यादी लावावी तशी, कुणीही यावं नि वाचावी.

डेस्कटॉप बदलायला मात्र अर्ज करावा लागतो. डॅश एस 2 म्हटलं, की विनंती जाते. बदल करतो विंडो मॅनेजरच. डॅश ए आणि शीर्षकाचा तुकडा दिला, की ती विंडो असेल त्या डेस्कटॉपवर आपण पोचतो. डॅश आर, पण मोठ्या लिपीतला R, उलट तिलाच आपल्याकडे ओढून आणतो. लिहिताना मला हाच बरा वाटतो, मांडलेला पसारा हलत नाही. तुकडा तेवढा नेमका द्यावा, कारण जुळणारी पहिली विंडोच उचलली जाते.

(दृश्य: तीच आज्ञा, ग्नोम या डेस्कटॉपच्या वेलँड सत्रात. दोनच ओळी.)

अकरापैकी दोन. एरर नाही, इशारा नाही. दिसतात त्या फक्त जुन्या एक्सच्या आधाराने चालणाऱ्या विंडो. वेलँड ही एक्सच्या जागी आलेली नवी व्यवस्था, आणि तिच्यात ती चावडीच नाही. एक्समध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं टिपता येत, पासवर्डसुद्धा. ते थांबवायलाच हवं होतं. पण त्यापायी कितीतरी जणांच्या वर्षानुवर्षं चाललेल्या छोट्या स्क्रिप्ट मुक्या झाल्या, आणि ही हळहळ खरी आहे. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत तपासावं, सत्र एक्सचं की वेलँडचं.

वेलँडवर ज्याचा त्याचा दरवाजा वेगळा. स्वे हा वेलँडवरचा विंडो मॅनेजर वापरत असाल, तर त्याच्या स्वेएमएसजी (swaymsg) या आज्ञेकडे गेट-ट्री मागा. जेसन या मजकुरी स्वरूपात अख्खं झाड हाती येतं: स्क्रीन, तिच्याखाली वर्कस्पेस, त्यांच्याखाली विंडो. जेक्यू या जेसन चाळणाऱ्या आज्ञेने शीर्षकं गाळून घ्या, हव्या त्या शीर्षकावर फोकस मागा. वर्कस्पेस आपोआप बदलतो.

(दृश्य: ‘संपादकीय, दुसरा खर्डा’ समोर येतो. कर्सर अर्ध्या सोडलेल्या वाक्यापाशी.)