अकरा मिनिटं आधी

नमस्कार श्रोतेहो. कल्याणहून सुटणाऱ्या आमच्या सकाळच्या फास्टमध्ये गेले तीन दिवस एकच भांडण चालू आहे. सीटवरून नाही, बंद पंख्यावरूनही नाही. भांडण आहे १९८५ सालच्या एका इंग्रजी सिनेमावरून, ‘बॅक टु द फ्यूचर’. आमच्यातल्या एकाने रविवारी मुलाबरोबर तो पाहिला आणि सोमवारी तक्रारींची यादी घेऊनच डब्यात चढला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मार्टी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा डॉक ब्राऊन नावाच्या अवलिया शास्त्रज्ञाच्या गाडीतून १९५५ सालात जाऊन पडतो. तिथे त्याच्यामुळेच त्याच्या आईबाबांचं जुळायचं राहतं. ते जुळवून दिलं नाही, तर हा जन्मालाच यायचा नाही.

पहिली तक्रार नेहमीचीच. तीस वर्षांनी आईबापांना कळू नये, की लग्न जुळवणारा तो पोरगा म्हणजे आपलाच मुलगा? मला यात भोक दिसत नाही. त्यांनी त्याला पाहिलं जेमतेम आठवडाभर. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत शेजाऱ्यांकडे आठ दिवस राहून गेलेल्या पाहुण्याचा चेहरा आठवतोय तुम्हाला? खोड्या आठवतील एखादवेळेस. चेहरा नाही.

दुसरी तक्रार मात्र झकास होती. मार्टीच्या खिशात भावंडांबरोबरचा फोटो असतो. धोका वाढतो तशी त्यातली माणसं पुसट होत जातात, आधी थोरल्या भावाचं डोकंच गायब. आमच्या मित्राचा सवाल असा, की पोरं जन्मलीच नाहीत, तर तो फोटो काढला कुणी आणि कशाचा? नुसत्या कठड्याचा? डबा हसला. पण सिनेमाने एक नियम घालून दिलाय, की केलेला बदल एकदम लागू होत नाही, हळूहळू झिरपतो. रमीत जोकर चालतो म्हटलं की चालतो. डाव संपेपर्यंत तो चालला पाहिजे, एवढंच बघायचं.

आणि दुसऱ्या भागात, म्हणजे १९८९ साली आलेल्या सिनेमात, तो चालत नाही. तिथे बिफ, म्हणजे मार्टीच्या बापाला छळणारा दांडगट, म्हातारपणी २०१५ सालातून ती गाडी पळवतो, १९५५ मध्ये जाऊन तरुणपणच्या स्वतःच्या हातात पैजा जिंकायला पुढच्या खेळांच्या निकालांचं पुस्तक ठेवतो आणि परत येतो. कुठे? त्याच जुन्या २०१५ मध्ये! पुढे डॉकच फळ्यावर रेघा मारून मार्टीला समजावतो, की काळाला फाटा फुटला, आता इथून पुढे गेलो तर या बिघडलेल्या जगाच्याच भविष्यात पोचू. मग बिफला मूळ फाट्यावर परत कसं येता आलं?

पाऊस होता, खिडक्या बंद. मी काचेवरच्या वाफेत बोटाने एक रेघ काढली आणि तिला फाटा काढून दाखवला. ठाणं येईस्तोवर वरून एक थेंब घरंगळला आणि दोन्ही रेघा एक करून गेला. मित्र म्हणाला, “हे बघ, असा आला बिफ परत.”

बिफ परतल्यावर विरून जातो, असा एक प्रसंग चित्रित करून नंतर कापला होता. डीव्हीडीवर तो बघायला मिळतो. पण माझं मत विचाराल, तर कापलेल्या रिळाने पडद्यावरचं भोक बुजत नाही. प्रेक्षकाने तिकीट जोडलेल्या सिनेमाचं काढलेलं असतं.

तिसरा मुद्दा आमच्या बँकेतल्या काकांचा. पहिल्या भागात मार्टी १९५५ सालाकडे निघाला, त्याच रात्री डॉकला गोळ्या लागणार हे त्याला ठाऊक आहे. हाताशी काळाची गाडी आहे. आणि हा पठ्ठ्या परतीची वेळ लावतो निघाल्याच्या फक्त अकरा मिनिटं आधीची! त्यात गाडी बंद पडते आणि हा धावत सुटतो. आदल्या दिवशी यायला काय झालं होतं? पण हे भोक नव्हे, हा स्वभाव. इंटरव्ह्यूलासुद्धा ‘आहे की अजून दहा मिनिटं’ म्हणणारी माणसं आपण. शिवाय या शहराचं घड्याळाशी कधीच पटलेलं नाही. १९०६ साली देशाची प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटं मागची आपली वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती.

खरं भोक माझ्या मते शेवटाला आहे आणि त्यावर फार कुणी बोलत नाही. मार्टी परततो तेव्हा घर बदललेलं असतं. बाप ताठ मानेचा लेखक, भाऊ सुटाबुटात. या सुखी घरात वाढलेला एक वेगळा मार्टी असणार, तोही त्याच रात्री गाडीत बसून गेला. त्याचं काय झालं? आणि आपल्या मार्टीला या घरातली सतरा वर्षं आठवतच नाहीत. उद्या जेवताना कुणी जुना विषय काढला, तर?

काका बराच वेळ गप्प होते. त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. चाळ पडून टॉवर झाला, भाऊ तिथे बाराव्या मजल्यावर राहतो. “गणपतीला जातो ना,” ते म्हणाले, “पत्ता तोच. खालचा वॉचमन दरवर्षी विचारतो, कुणाकडे?”

“पण मार्टीचं काय, काका? आईने विचारलं, मागच्या वाढदिवसाला कसली मजा आली होती, आठवतंय का? तर काय सांगेल तो?”

“हो म्हणेल,” काका म्हणाले आणि रॅकवरची पिशवी काढून दाराकडे सरकले. दादरला उतरायचं, तर कुर्ल्यापासून उभं राहावं लागतं.