टेकडीच्या पोटातली वादळं

नमस्कार श्रोतेहो.

१२ जुलै २०१३. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठावर माउंट बाल्डी नावाची वाळूची टेकडी आहे, साधारण ३८ मीटर उंच. त्या दिवशी तिच्या उतारावरून चालणारा सहा वर्षांचा मुलगा बघता बघता दिसेनासा झाला. वाळूत भोक पडलं आणि तो आत गेला. तीन तासांहून जास्त खणल्यावर हाती लागला, तीन मीटर खाली, आणि जिवंत!

पण वाळूत भोक टिकलंच कसं? कोरडी वाळू तर लगेच ढासळते. मग टेकडीवर रडार फिरवलं, आतले नमुने काढले, जुने फोटो तपासले. उलगडा झाला तो असा: वाऱ्यानं सरकत सरकत टेकडी ओकच्या झाडांवर चढली होती. गाडलेले बुंधे आत कुजले, भोवतीची वाळू बुरशीनं धरून ठेवली, आणि नळ्यांसारख्या पोकळ्या उरल्या.

हे रडार आकाशाकडे नाही, जमिनीकडे तोंड करून बसतं. अँटेना वाळूवरून ओढत न्यायचा. तो रेडिओ लहरींचे ठोके खाली सोडतो. ओल बदलली, कणांची जात बदलली, की लहरीचा थोडा भाग मागे फिरतो. समजा, ती ४० नॅनोसेकंदांत परतली; नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. कोरड्या वाळूत तिचा वेग नॅनोसेकंदाला सुमारे १५ सेंटिमीटर. जाऊन येऊन ६ मीटर, म्हणजे तो थर ३ मीटर खोल. तीच वाळू पाण्यानं भिजलेली असेल, तर वेग ६ सेंटिमीटरवर येतो आणि ३ मीटरचे होतात जेमतेम सव्वा! म्हणून आधी वेग मोजायचा, मगच खोली सांगायची.

पडद्यावर दिसतात तिरक्या रेघा. वारा वाळू माथ्यावर चढवतो, ती पलीकडे घसरते, साधारण ३० ते ३४ अंशांच्या उतारानं. प्रत्येक रेघ म्हणजे टेकडीचा एक जुना उतार. मधूनच एखादी रेघ बाकीच्या साऱ्यांना कापत जाते. तिथं कधीकाळी वादळी लाटांनी टेकडी खाऊन उभा कडा पाडलेला असतो. हलकी वाळू वाहून जाते, गार्नेट, मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे जड कण मागे राहतात, आणि रडारला तो काळपट थर ठळक दिसतो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, विलापा उपसागराजवळच्या वाळूच्या पट्ट्यात, संशोधकांनी असे आठ गाडलेले कडे शोधले आणि १९९६ मध्ये त्यांचा संबंध किनारा खचवणाऱ्या मोठ्या भूकंपांशी लावला. तिथला शेवटचा मोठा भूकंप २६ जानेवारी १७०० चा. ही तारीख मात्र रडारची नव्हे, ती निघाली जपानमधल्या त्सुनामीच्या जुन्या नोंदींतून. रडार सांगतं आधी काय, नंतर काय. साल हवं तर अंधारात वाळू काढून, कणांनी ऊन शेवटचं कधी पाहिलं ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं.

नवखा माणूस फसतो तो एका आडव्या, ठसठशीत रेघेला. तिरक्या थरांना छेदून जाणारी ही रेघ भूजलाची पातळी असते, थर नव्हे!

आणि खारं पाणी? त्यात लहर विरून जाते. समुद्राकडे सरकावं तसं चित्र खालून पुसट होत जातं, आणि लाटांचा पहिला तडाखा बसतो तो नेमका त्याच बाजूला.