उन्हाळ्यात बॅटरी ठेवायची कुठे आणि कशी

मंडळी, फेब्रुवारी संपत आला. पाण्याची ओढ सुरू झाली की नागपुरात लॉन कसंबसं तग धरतं, आणि बॅटरीवर चालणारं गवत कापायचं मशीन कोपऱ्यात जातं ते थेट पावसाळ्यातच बाहेर निघतं. मला बोलायचंय ते या मधल्या चार महिन्यांबद्दल. आपल्याकडे बॅटरी गवत कापून जेवढी झिजत नाही, तेवढी या काळात नुसती पडून झिजते.

माझी पहिली बॅटरी अशीच गेली. तयार असलेली बरी म्हणून मार्चमध्ये पूर्ण चार्ज केली आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली. मेअखेरच्या नवतपात त्या खोलीच्या कडीला हात लावायची सोय नव्हती. पाऊस पडल्यावर मशीन काढलं. आधी एका चार्जमध्ये पुढचं-मागचं दोन्ही अंगण व्हायचं. आता पुढच्याच अंगणात, जास्वंदीपाशी, ते बंद पडलं. चार्जरवर दिवा मात्र हिरवाच होता.

झालं काय होतं? ३६ व्होल्टच्या बॅटरीमध्ये लिथियम-आयनचे १० सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टवर असतो, आणि त्या अवस्थेत आतली रसायनं शांत बसत नाहीत. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो, तो जाड होत जातो आणि लिथियम त्यात अडकतं. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेनं हे सगळं कितीतरी वेगानं होतं. भरलेली बॅटरी आणि तापलेली खोली, याहून वाईट जोडी नाही.

आपली सवय पडलीय इन्व्हर्टरची. ती शिशाची बॅटरी, भरलेलीच ठेवावी लागते. ही तशी नाही. बॅटरीवरच्या चारपैकी दोन दिवे लागतील एवढीच भरा, मशीनमधून काढा आणि घरातल्या खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवा. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढली की पाणी सुटतं. दीड-दोन महिन्यांनी बघा. एकच दिवा उरला असेल तर थोडी भरा. पार रिकामी पडून राहिली तर चार्जर तिला घेतही नाही. अशा वेळी दुसऱ्या चार्जरनं जबरदस्तीनं भरू नका, त्यात आगीचा धोका असतो.

मे महिन्यात चार्ज करायचीच झाली तर पहाटे करा. बहुतेक चार्जर ४०-४५ अंशांच्या वर चार्जिंग थांबवतात, आणि आपल्याकडे दुपारी सावलीतच पारा तिथे पोचलेला असतो. कापणी झाल्याझाल्याही लावू नका. हाताला गार लागेपर्यंत थांबा.

पावसाळ्यात ओलं, वाढलेलं गवत एका दमात कापलं की मोटर जास्त करंट ओढते आणि बॅटरी तापते. पातं धारदार ठेवा आणि एका वेळी गवताच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापा. बॅटरी बसते त्या खाचेतल्या पत्र्यांवर गवताचा चीक वाळून बसतो, तो कोरड्या ब्रशनं काढा. पाण्याचा पाइप तिथे नको.

आणि बॅटरी फुगली तर ती भंगारवाल्याला देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. हातोड्याखाली ती पेटली तर हात त्याचे भाजतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुन्या बॅटरीची जबाबदारी उत्पादकावर आहे. टोकांना चिकटपट्टी लावा, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन जा, आणि नाही म्हणाले तर आग्रह धरा.